आधी जमीन, मग खून: दुर्गम रानातली रहस्यकथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

दुर्गम भागातली रहस्यकथा लिहायला घेणारे बहुतेक नवे लेखक एकाच समजुतीने सुरुवात करतात. माणसं कमी, रान मोकळं, पोलीस लांब, तेव्हा गुन्हा लपवायला ही जागा सोयीची. मला हे साफ चुकीचं वाटतं. शहरात रात्री दोन वाजता रस्त्याने गाडी गेली तर कुणी कूसही बदलत नाही. सात घरांच्या वस्तीत तीच गाडी गेली की सातही घरांतली माणसं पडल्यापडल्या ओळखतात: गाडी कुणाची, चढावर कुठे अडखळली, परत आली की नाही. रानात माणूस एकटा असेल, पण नजरेआड कधीच नसतो. म्हणून अशा कथेत तपास करणाऱ्याने "कुणी पाहिलं का?" असं विचारत फिरण्यात फारसा अर्थ नाही. कुणीतरी पाहिलेलं, ऐकलेलं असतंच. ते बोलत का नाहीत, याचा शोध म्हणजे तुमची कथा.

मी ज्या क्रमाने काम करतो, त्याच क्रमाने पुढे सांगतो. उदाहरण एकच धरू, म्हणजे प्रत्येक पायरी कुठे बसते ते दिसेल. उंच पठारावर सात घरांची वस्ती आहे. उतारावर ओढा, ओढ्यावर साकव, साकवापलीकडे कच्चा रस्ता आणि सहा किलोमीटरवर मोठं गाव. वस्तीच्या वरच्या अंगाला दगडाची बंद पडलेली खाण. जमिनीच्या हद्दी ठरवायला जीप घेऊन आलेला मोजणीदार तिसऱ्या दिवशी सकाळी त्या खाणीच्या तळाशी मरून पडलेला सापडतो. जीप वर, कडेलाच उभी आहे. अंधारात पाय घसरला असेल, असं सगळी वस्ती म्हणते.

नकाशा काढा आणि त्यावर वेळ लिहा

पात्रांची नावं ठरवण्याआधी कागद घ्या. घरं, पाणी, पायवाटा, कुंपणं, फाटकं, चढउतार, सगळं हाताने काढा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. मग दोन ठिकाणांमध्ये किती अंतर आहे ते न लिहिता चालत किती वेळ लागतो ते लिहा, कारण डोंगराळ मुलखात किलोमीटरवर भरवसा ठेवता येत नाही.

यासाठी एक जुना आडाखा कामाला येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला आणि डोंगरात भटकणारे लोक आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास मिळवायचा. आपल्या उदाहरणात मोठ्या गावाहून वस्तीपर्यंत ६ किलोमीटर वाट आणि ३०० मीटर चढ आहे असं धरू. वाटेची ७२ मिनिटं, चढाची ३०. म्हणजे धडधाकट माणसाला उजेडात १ तास ४२ मिनिटं. रात्री, चिखलात, पाठीवर ओझं असेल तर याहून बरीच जास्त. आता कथेतलं एखादं पात्र "मी सातला गावात होतो आणि आठला वस्तीवर पोचलो" असं म्हणालं, तर ते खोटं बोलतंय हे तुम्हाला कळतं. वाचकालाही हिशेब करता आला पाहिजे, म्हणून चढाचा उल्लेख आधी कुठेतरी सहज येऊ द्या. एखादी बाई डोक्यावर ओझं घेऊन मधल्या दगडावर दम खायला बसते, एवढं पुरे.

नकाशावर आणखी एक गोष्ट नोंदवा: कुठून काय दिसतं. कुठल्या दारातून साकव दिसतो, खाणीकडे जाणारी वाट कुणाच्या परसातून जाते, पानगळ झाल्यावर झाडीमागचं काय उघडं पडतं. नवे लेखक वाटा छान काढतात, पण नजरा काढायच्या विसरतात. रानातल्या कथेत नजरेची रेघ पायवाटेइतकीच महत्त्वाची असते.

त्या रात्रीचं आभाळ आधी ठरवा

माझ्या सुरुवातीच्या एका कथेत पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री पूर्वेच्या डोंगरामागून वर येत होता. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि मध्यरात्री माथ्याजवळ असतो. एका वाचकाने मला हे कळवलं, तेव्हा त्या प्रसंगातली सावली, सावलीवरून पटलेली ओळख आणि त्यावर उभा केलेला सगळा उलगडा कोसळला. तेव्हापासून मी तिथी ठरवल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, म्हणजे त्यानंतर काम करणाऱ्याला कंदील किंवा विजेरी लागणार. आणि उघड्या माळावर एवढासा उजेडही फार लांबून दिसतो.

दंवाबद्दल तर हमखास चूक होते. दंव निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री पडतं. आभाळ भरून आलं असेल, वारा सुटला असेल, तर पहाटे गवतावर दंवाचे मोती दाखवू नका. मात्र दंव पडलं असेल तेव्हा त्याच्यासारखा पुरावा नाही. त्यातून कुणी चालत गेलं की राखाडी गवतात गडद हिरवी रेघ उमटते. ऊन चढलं की ती जाते. तपास करणाऱ्याने ती पाहिली तर पहिल्या तासात पाहिली पाहिजे, नाहीतर ती कायमची गेली.

आवाजाचंही तसंच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांबचा बार तीन सेकंदांनी ऐकू येतो. दिवसापेक्षा रात्री तो लांबवर पोचतो, कारण जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असली की आवाज वर न जाता खाली वळतो. उलट पाऊस सुरू असेल तर शेजारच्या गोठ्यातलंही कळत नाही. आपल्या कथेत पाऊस रात्री आठला सुरू होतो आणि दहाला थांबतो. ही एक गोष्ट ठरवली आणि अर्धी कथा जागच्या जागी बसली. ओढा चढला, साकव पाण्याखाली गेला, डोंगरातल्या ओढ्याच्या स्वभावाप्रमाणे पहाटे उतरला. म्हणजे दहाच्या पुढे बाहेरून कुणी आलं नाही आणि आतून कुणी गेलं नाही. आणि दहानंतर जे काही घडलं, ते पावसाच्या आवाजात दडलेलं नव्हतं.

खुन्याची रात्र स्वतःसाठी लिहून काढा

ही पाच-सहा पानं कुणाला दाखवायची नसतात. खुन्याच्या बाजूने, मिनिटामिनिटाने लिहायची. भावना नकोत, कामं हवीत. ही पायरी गाळून थेट पहिल्या प्रकरणाला हात घालणाऱ्याची कथा शेवटच्या प्रकरणात फसते. कारण तेव्हा खुनी सापडतो, पण त्याने हे सगळं केलं कधी, ते जुळत नाही.

आपल्या खुन्याची रात्र अशी. वस्तीतल्या सातही घरांनी वर्षानुवर्षं कुंपणं थोडी थोडी पुढे सरकवून गायरान खाल्लेलं आहे. मोजणीदाराने दुसऱ्या दिवशी वरच्या घराच्या बाजूने मोजायला सुरुवात केली आणि हद्दीचे चार दगड उचलून खऱ्या जागी नेऊन ठेवले. वरच्या घराची निम्मी जमीन गेली. संध्याकाळी सहाला, हद्दीवरच, वरच्या घरच्या माणसाने रागाच्या भरात त्याला दगडाने मारलं. पावसात प्रेत तिथेच पालथं पडून राहिलं. दहाला पाऊस थांबल्यावर त्याने ते जीपमध्ये घातलं, खाणीपर्यंत नेलं, खाली ढकललं आणि जीप कडेला सोडून चालत परत आला. मग चारही दगड अंधारात एकेक करून कुंपणापाशी परत आणले. दगड जड, जमीन ओली, उजेड बेताचा. हे काम उरकेपर्यंत दिवस वर आला.

एवढं लिहून झालं की त्याच्या प्रत्येक कामापुढे विचारा: जमिनीवर काय राहिलं, आणि कुणाला काय ऐकू गेलं?

जमीन काय सांगते

इथे हात आखडता घेऊ नका, कारण या प्रकारच्या कथेची खरी श्रीमंती इथेच आहे. १९१० साली फ्रान्समधल्या लियों शहरात गुन्हेशोधाची प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या एडमंड लोकार यांच्या नावाने एक तत्त्व ओळखलं जातं. दोन गोष्टींचा स्पर्श झाला की काहीतरी इकडचं तिकडे जातं. शहरात हे "काहीतरी" म्हणजे बहुधा धागा, केस, काचेचा कण. रानात ते माती, पराग, बी, शेण, राख असतं, आणि त्यातलं बरंच एकेका जागेचं खास असतं.

यावरची माझी आवडती हकिकत १९०८ सालची, जर्मनीच्या खेड्यातली. एका बाईचा खून झाला होता आणि संशयित म्हणत होता की त्या दिवशी मी फक्त माझ्या शेतात फिरलो. फ्रँकफुर्टच्या गेओर्ग पॉप या रसायनतज्ज्ञाने त्याच्या बुटांच्या तळव्यावरचा चिखल थराथराने सोडवला. चामड्यालगत बदकांसारख्या पाळीव पक्ष्यांची विष्ठा, म्हणजे त्याच्याच घरापुढची. त्यावर गवत. त्यावर लाल वालुकाश्माची माती, खून झाला तिथली. सगळ्यात बाहेर कोळसा, विटांची भुकटी आणि सिमेंट, जिथे त्याची बंदूक आणि कपडे सापडले त्या पडक्या किल्ल्यापाशी होतं तसं. त्याच्या स्वतःच्या शेतातल्या मातीचे कण मात्र तळव्यावर नव्हते. बूट आदल्याच रात्री घासून ठेवलेले होते, त्यामुळे हा सगळा एका दिवसाचा प्रवास होता. लेखकासाठी यात मोठी शिकवण आहे. माती कुठली हे कळणं उपयोगाचं आहेच, पण थरांचा क्रम कळला की माणूस कुठून कुठे गेला ते कळतं. आणि जी माती सापडायला हवी होती ती न सापडणं, हाही पुरावा.

१९५९ साली ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या प्रवासात एक माणूस बेपत्ता झाला. संशयिताच्या बुटाच्या चिखलात आजच्या झाडांच्या परागांबरोबर कोट्यवधी वर्षांपूर्वीचा एक जीवाश्म परागकण मिळाला. तसा खडक आणि तशी झाडं एकत्र असलेली जागा त्या खोऱ्यात अगदी लहान होती. तिचं नाव घेतल्यावर संशयिताने प्रेत कुठे आहे ते दाखवलं.

याहून साधं हवं असेल तर चीनमध्ये जा. सोंग त्सी या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली मृत्यूच्या तपासावर जो ग्रंथ लिहिला, त्यात एका खेड्यातला खून आहे. अंगावर विळ्याचे वार. तपास करणाऱ्याने आसपासच्या सगळ्यांना आपापले विळे आणून उन्हात जमिनीवर मांडायला लावले. सत्तर-ऐंशी विळे होते. माश्या एकाच विळ्यावर येऊन बसल्या, कारण तो धुतलेला दिसत असला तरी रक्ताचा वास गेला नव्हता. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. तपास करणाऱ्याला फक्त माशीचा स्वभाव ठाऊक होता. तुमच्या कथेत शक्यतो अशा पुराव्याला पहिला मान द्या. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत वाचक ताटकळतो. विळ्यावरची माशी त्याच्या डोळ्यांदेखत बसते.

आता आपल्या खाणीकडे येऊ. पहिला पुरावा जीपखाली आहे. सगळे म्हणतात मोजणीदार संध्याकाळी, पावसाच्या आधीच, जीप घेऊन वर गेला. तसं असतं तर जीपखालची जमीन कोरडी राहिली असती. तपास करणारा वाकून हात घालतो, आणि बोटं ओल्या मातीत रुततात. जीप पावसानंतर आली. साकव तर पाण्याखाली होता. म्हणजे ती चालवणारा वस्तीतलाच.

दुसरा पुरावा हद्दीच्या दगडाखाली. वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या दगडाखाली गवत नसतं. असतात त्या पांढुरक्या मुळ्या, किड्यांची बिळं, घट्ट बसलेली माती. खुन्याने दगड जुन्या जागी परत ठेवले खरे, पण अंधारात वीतभर चुकला. दगड उचलला तर खाली निम्मा भाग पांढुरका आणि निम्म्यात हिरवंगार गवत नुसतं चेपलेलं. दगडाच्या दुसऱ्या कडेला तेवढीच उघडी, फिकट चंद्रकोर. शिवाय दगडफूल. दगडफूल फार हळू वाढतं, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, आणि उजेड लागतो तिथेच नीट धरतं. चारपैकी एका दगडावरचं दगडफूल मातीच्या बाजूला गेलेलं आहे. तिथे ते वाढलेलं असूच शकत नाही.

असे पुरावे तीन पुरेत. पाचवा-सहावा पुरावा आला की वाचकाला जमिनीपेक्षा लेखक जास्त दिसायला लागतो.

प्रेताबद्दल थोडकं आणि अचूक

मृत्यूनंतर अंग ताठायला साधारण २ ते ४ तासांत सुरुवात होते. जबडा आणि मान आधी. बारा तासांच्या सुमाराला सगळं शरीर ताठतं आणि दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. थंडीत हे लांबतं, उष्म्यात लवकर होतं. म्हणून तुमच्या डॉक्टरने "मृत्यू सहा वाजून दहा मिनिटांनी झाला" असं कधीही म्हणू नये. रक्त खालच्या अंगाला साकळतं आणि साधारण ८ ते १२ तासांत ते डाग पक्के होतात. त्याआधी प्रेत उलथवलं तर दोन्ही अंगांवर खुणा राहू शकतात. आपला मोजणीदार उताणा सापडतो, पण छातीवर आणि चेहऱ्यावरही फिकट डाग आहेत. तो आधी बराच वेळ पालथा पडला होता. एवढंच. वर्णनात रमू नका. मेलेला माणूस कुणाचा तरी मुलगा असतो, याचं भान पानावर दिसलं पाहिजे.

दुर्गम जागी आणखी एक गोष्ट घडते. पोलीस यायला तास-दोन तास लागतात आणि तोवर लोक चांगल्या भावनेने सगळं बिघडवून ठेवतात. कुणी चादर घालतं, कुणी डोळे मिटवतं, कुणी कुत्री हाकलायला पाऊलखुणांवरून धावतं. हे जरूर लिहा. यातून गोंधळही मिळतो आणि माणुसकीही.

गप्प माणसं

इथवर आलात तर तुमच्याकडे कोडं आहे. कथा अजून नाही. कथा सातही घरांच्या बंद तोंडांत आहे.

जीप रात्री दहानंतर सुरू झाली. पाऊस थांबलेला, हवा गार, सगळी वस्ती जागी. सातही घरांनी ती ऐकली. सकाळी सातही घरं म्हणतात, पावसात काही ऐकू आलं नाही. आता प्रत्येक घराचं गप्प राहण्याचं कारण वेगळं लिहून काढा. एकाला वाटतं, मोजणी पुढे गेली तर माझीही जमीन जाणार. दुसऱ्यावर वरच्या घराचे उपकार आहेत, आजारपणात त्यानेच रात्री खांद्यावर घेऊन दवाखान्यात पोचवलेलं. तिसरीला त्याच घरात मुलगी द्यायची आहे. चौथ्याला बाहेरच्या माणसाशी बोलायचंच नाही, कारण बाहेरचे दोन दिवसांनी निघून जातात आणि मागे राहायचं ते शेजाऱ्यांतच. एकाला खरोखर भीती वाटते. एकाला लाज वाटते, कारण त्याने संध्याकाळची ओरड ऐकली आणि तो उठला नाही. मला हा शेवटचा सगळ्यात जवळचा वाटतो.

सगळे एकाच कारणासाठी गप्प असले तर तो कट होतो, आणि कटाची कथा निराळी. कारणं वेगवेगळी असली की प्रत्येक मौनाला वेगळ्या जागी भेग पडते. तपास करणाऱ्याने ती जागा शोधायची.

जबाबाचे प्रसंग लिहिताना प्रश्नांची सरबत्ती टाळा. खेड्यातली माणसं सरळ प्रश्नाला आडवं उत्तर देतात, आणि आडव्या उत्तरातच सांगायचं ते सांगतात. वरच्या घराशेजारची म्हातारी आणि फौजदार यांचं बोलणं मी असं लिहिलं:

"आजी, रात्री काही आवाज आला?"

"पावसाचा आला."

"आणि पाऊस थांबल्यावर?"

"थांबल्यावर डोळा लागला."

"लगेच?"

"या वयात लगेच कुठला लागतो, साहेब." ती थोडा वेळ हातातली काटकी मोडत राहिली. "त्या वरच्या गाईकडे बघा कुणीतरी. सकाळपासून हंबरतीये बिचारी. मुक्या जिवाचे हाल."

वाचक इथून पुढे निघून जातो. म्हातारी दयाळू आहे, एवढंच त्याच्या मनात राहतं. पण गाईची धार रोज दोन वेळा, ठरल्या वेळी काढतात. वेळ टळली की कास तटतटते, दुखते आणि गाय ओरडते. वरच्या घरचा माणूस म्हणाला होता की मी रात्रभर घरीच होतो आणि पाचला उठून धार काढली. गाय मात्र आठपर्यंत हंबरत होती. म्हातारीने जीपबद्दल तोंड मिटलं, कारण तसं सगळ्यांचं ठरलेलं होतं. गाईबद्दल मात्र कुणी काही ठरवलंच नव्हतं.

असा एक धागा तुमच्या कथेत हवाच, जो पुरावा म्हणून येत नाही, काळजी म्हणून येतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक असा की तपास करणाऱ्याच्या हाती लागलेला धागा वाचकापुढेही लगेच ठेवला पाहिजे. हा नियम मोडू नका. पण धागा ठेवताना त्याच्यावर बोट ठेवायची गरज नाही. म्हातारीचं वाक्य उघड्यावर आहे, आणि तरी झाकलेलं आहे.

तपास कुणी करायचा

पूर्ण परका अधिकारी आणला की वाचकाला सगळं समजावून सांगायची सोय होते, म्हणून नवे लेखक तोच निवडतात. पण तो गाईच्या हंबरण्याकडे लक्ष देणार नाही. पूर्ण वस्तीतलाच माणूस घेतला तर त्याला सगळं आधीच ठाऊक असतं आणि तोही गप्प बसतो. मी अर्धा आतला, अर्धा बाहेरचा माणूस घेतो. लहानपण गोठ्यात गेलेलं, नोकरी बाहेर झालेली. गुरांचा डॉक्टर, बदली होऊन आलेली शिक्षिका, टपाल वाटणारा, असंही कुणी चालेल. त्याला जमिनीची भाषा कळते, पण तिथल्या देण्याघेण्यात तो अडकलेला नाही. आणि त्याला हे काम जड गेलं पाहिजे. ज्या माणसांसारखी आपली माणसं होती, त्यांच्याच विरुद्ध तो पुरावा गोळा करतोय.

फोनचं काय करायचं

"रेंज नव्हती" असं एकदा लिहून मोकळं होऊ नका. रेंज कुठल्या टेकाडावर येते हे वस्तीत पोराटोरांना ठाऊक असतं. तिथे रोज कोण जातं, किती वाजता, कुणाशी बोलतं, हेही. आणि फोनच्या मनोऱ्यावरून माणसाची जागा शोधायची म्हटलं तर उघड्या मुलखात एका मनोऱ्याची पोच कित्येक किलोमीटर असते, जीएसएम या मोबाइलच्या पद्धतीत तर जास्तीत जास्त ३५ किलोमीटरच्या आसपास. त्या नोंदीवरून माणूस वस्तीत होता की खाणीत हे कळणार नाही. तपास करणाऱ्याला पायीच फिरावं लागेल.

उलगडा जागेवरच करा

सगळ्यांना एका खोलीत बसवून भाषण देण्याचा मार्ग इथे शोभत नाही. इथली सगळी साक्ष बाहेर आहे, तर उलगडाही बाहेर होऊ दे. आपला फौजदार वस्तीतल्या लोकांना हद्दीवर घेऊन जातो आणि काही न बोलता पहिला दगड उलटा करतो. निम्मं पांढरं, निम्मं हिरवं. खेड्यातल्या माणसाला याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. तो दुसऱ्या दगडाकडे वळतो तेव्हा वरच्या घरचा माणूस म्हणतो, "राहू द्या. जड आहे तो." एवढीच त्याची कबुली.

पहिला खर्डा पुरा झाला की तो आठवडाभर बाजूला ठेवा. मग नकाशा शेजारी घेऊन वाचा. प्रत्येक पात्राचं बोट धरून नकाशावरून चाला. सूर्य कुठे होता, ओढ्याला पाणी किती होतं, त्या वेळी कुठल्या दारात कोण बसलं होतं, प्रत्येक प्रसंगापाशी थांबून बघा. जिथे बोट अडेल तिथे कथा दुरुस्त करा, डोंगर हलवू नका. डोंगर हलवण्याचा मोह होतो. एका पात्राची सोय म्हणून ओढा अर्धा किलोमीटर अलीकडे आणला की दुसऱ्या तीन पात्रांचे हिशेब बिघडतात, आणि हे तुम्हाला कळायच्या आधी वाचकाला कळतं.

शेवटचं प्रकरण अटकेवर थांबवायची घाई करू नका. माणूस गेला तरी त्याची रोजची कामं तिथेच उरतात, आणि वस्तीला ती करावी लागतात. माझ्या कथेत फौजदाराची गाडी साकव ओलांडते तेव्हा संध्याकाळच्या धारेची वेळ झालेली आहे. वरच्या गोठ्यात गाय पुन्हा हंबरायला लागते. सगळे आपापल्या दारात उभे आहेत, कुणी हलत नाही. मग म्हातारी बादली उचलते आणि चढाला लागते.